२२० दिवस भरतात, १००० तास भरत नाहीत : वार्षिक वेळापत्रकाचा हिशोब (इ. १ ली ते ८ वी)

खडूफळा
वार्षिक नियोजन करताना बहुतेक शाळांत कामाचे दिवस मोजले जातात आणि हिशोब तिथेच संपतो. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत मात्र दिवस आणि तास असे दोन निकष आहेत आणि दोन्ही पाळायचे आहेत :

१ ली ते ५ वी – किमान २०० कामाचे दिवस, ८०० अध्यापन तास
६ वी ते ८ वी – किमान २२० कामाचे दिवस, १००० अध्यापन तास

जिल्हा परिषदेच्या १ ली ते ८ वीच्या शाळेत नेहमी दिसणारं वेळापत्रक असं : सोमवार ते शुक्रवार १०:३० ते ५:००. परिपाठ व हजेरी ३५ मिनिटं, मोठी सुट्टी ५५, लहान सुट्ट्या १० + १०, आणि ३५ मिनिटांच्या ८ तासिका. शनिवारी सकाळी ७:३० ते ११:३०, त्यात ५ तासिका. आठवड्याला ४५ तासिका.

या वेळापत्रकात ६ वी ते ८ वीचे १००० तास खरंच भरतात का, आणि तासांत काय धरायचं, काय नाही? ज्यांनी हा हिशोब केला असेल त्यांनी आकड्यांसकट लिहावं.

मिनिटकाटा
भरत नाहीत. हिशोब तासांत करू नका, मिनिटांत करा, म्हणजे चूक लगेच दिसते. १००० तास म्हणजे ६०,००० मिनिटं.

सोम ते शुक्र : ८ × ३५ = २८० मिनिटं
शनिवार : ५ × ३५ = १७५ मिनिटं

२२० दिवसांत साधारण ३७ शनिवार येतात, उरले १८३.
१८३ × २८० = ५१,२४०
३७ × १७५ = ६,४७५
एकूण ५७,७१५ मिनिटं, म्हणजे ९६१ तास ५५ मिनिटं.

एकही दिवस बुडाला नाही, एकही तासिका रिकामी गेली नाही असं धरूनही ३८ तास कमी. गोंधळ होतो तो एका सोप्या भागाकारामुळे. १००० ला २२० ने भागलं की रोजचे ४ तास ३३ मिनिटं येतात. आपण रोज ४ तास ४० मिनिटं शिकवतो, मग चिंता कशाची, असं वाटतं. त्या भागाकारात अर्धा शनिवार कुठेच नसतो.

१ ली ते ५ वीचं मात्र याच वेळापत्रकात व्यवस्थित बसतं. २०० दिवस (१६७ पूर्ण + ३३ शनिवार) धरले तर ५२,५३५ मिनिटं, म्हणजे ८७५ तास.

केंद्रशाळा_पूर्व
एक दुरुस्ती नव्हे, पुरवणी. २२० हा आकडा धरून नियोजन करूच नये. माध्यमिक शाळा संहितेनुसार (राज्याच्या शाळांसाठीची नियमावली) वर्षातल्या एकूण सुट्ट्या ७६ पेक्षा जास्त नकोत आणि कामाचे दिवस किमान २३० हवेत. ३६५ मधून ५२ रविवार आणि ७६ सुट्ट्या वजा केल्या की २३७ उरतात. म्हणजे २३० वर फक्त ७ दिवसांची मोकळीक.

या ७६ पैकी बराच भाग उन्हाळा घेतो. २ मे ते १४ जून हे ४४ दिवस, रविवार सोडून साधारण ३८. उरलेल्या ३८ मध्ये दिवाळी, गणपती, सण-जयंत्या, जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेल्या स्थानिक सुट्ट्या आणि मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुट्ट्या बसवायच्या. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, तिथे उन्हाळ्याचा हिस्सा मोठा होतो आणि दिवाळीचा तेवढाच आखडता घ्यावा लागतो. मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुट्ट्या जुलै-ऑगस्टमध्ये संपवू नयेत, हे माझं ठाम मत आहे.

वर्गशिक्षिका_तिसरी
परिपाठ तासांत धरायचा की नाही? आमच्याकडे यावर दर वर्षी वाद होतो.

मिनिटकाटा
ताई, कायद्याच्या कलम २ मधल्या व्याख्यांत ‘अध्यापन तास’ ही व्याख्याच नाही, म्हणून वाद होतो. माझा सल्ला असा की परिपाठ, हजेरी, दोन्ही लहान सुट्ट्या आणि मोठी सुट्टी पूर्ण वगळून हिशोब बसवा. तसं करून १००० भरले, तर तपासणीला कोणीही येवो, चर्चेला जागाच उरत नाही. परिपाठ धरून कसेबसे १००० केले, तर सगळा डोलारा एका मुद्द्यावर उभा राहतो.

कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाच्या तासिका मात्र निःशंक धरा. ते विषय अभ्यासक्रमात आहेत, वेळापत्रकात आहेत आणि त्यांचं मूल्यमापनही होतं. ‘आनंददायी शनिवार’ उपक्रमालाही हेच लागू. त्या दिवशीचे योग, गोष्टी, खेळ वेळापत्रकात तासिका म्हणून लावलेले असतील आणि टाचणात (शिक्षकाच्या पाठनियोजनाच्या वहीत) नोंद असेल तर ते अध्यापनच आहे. नुसतं ‘मुलं मैदानावर’ असेल तर नाही.

दोनशिक्षकी
परीक्षेच्या दिवसांचं काय?

केंद्रशाळा_पूर्व
संकलित मूल्यमापनाचा दिवस हा कामाचा दिवस आहे, त्यात शंका नाही. तासांचा प्रश्न वेगळा आहे. सर्वंकष सातत्यपूर्ण मूल्यमापन खुद्द कायद्याच्या कलम २९ मध्ये आहे, त्यामुळे पेपरचा वेळ धरायला हरकत नसावी. खरी गळती पेपरनंतर होते. दोन तासांचा पेपर झाला की मुलं घरी सोडली, की २८० पैकी उरलेली १६० मिनिटं गेली. दोन्ही सत्रांत मिळून असे १० दिवस गेले तर १६०० मिनिटं, म्हणजे २६ तास ४० मिनिटं. पेपर दिवसाच्या पहिल्या भागात ठेवा आणि मोठ्या सुट्टीनंतर नेहमीच्या तासिका चालू ठेवा. त्या दिवशी नवीन घटक घेऊ नका. सराव, वाचन, प्रयोगवही पूर्ण करणं अशी कामं चांगली होतात.

शालेय वर्ष आणि अध्यापनाचे दिवस यातला फरक राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ मध्येही स्पष्ट दिसतो. शाळेचे सुमारे २२० दिवस धरून त्यातले २० मूल्यमापनाला आणि २० शालेय कार्यक्रमांना दिले आहेत. शिकवायला उरतात १८०. कागदावरचे २२० आणि फळ्यासमोरचे २२० एक नव्हेत.

खडूफळा
मग ३८ तासांची तूट कशी भरायची? शाळा ५:०० नंतर चालवणं शक्य नाही, वाडीवस्तीवरची मुलं चालत जातात. शनिवारी एक तासिका वाढवली तर?

मिनिटकाटा
शनिवारची एक तासिका वाढवून ३७ × ३५ = १,२९५ मिनिटं मिळतात, जेमतेम साडेएकवीस तास. बेरीज ९८३ वर अडकते, आणि मुलांना साडेअकराऐवजी बारा वाजून जातात. त्यातून हाती काही लागत नाही.

घंटेच्या सुरुवात-शेवटाला हात न लावता आतली २० मिनिटं हलवा. परिपाठ व हजेरी ३५ वरून २५, मोठी सुट्टी ५५ वरून ४५. मिळालेली २० मिनिटं चार तासिकांना पाच-पाच :

१०:३०–१०:५५ परिपाठ, हजेरी
१०:५५–११:३५ पहिली
११:३५–१२:१५ दुसरी
१२:१५–१२:२५ लहान सुट्टी
१२:२५–१:०५ तिसरी
१:०५–१:५० मोठी सुट्टी
१:५०–२:३० चौथी
२:३०–३:०५ पाचवी
३:०५–३:४० सहावी
३:४०–३:५० लहान सुट्टी
३:५०–४:२५ सातवी
४:२५–५:०० आठवी

रोजची ३०० मिनिटं झाली. १८३ × ३०० + ६,४७५ = ६१,३७५ मिनिटं, १०२२ तास ५५ मिनिटं.

पहिल्या तीन तासिका गणित, भाषा, विज्ञान यांना ठेवा. ४० मिनिटांत उजळणी, नवीन भाग आणि वहीतला सराव असे तिन्ही टप्पे बसतात. ३५ मध्ये सराव नेहमी घरी ढकलला जातो.

पोषणआहार_नोंदवही
मोठी सुट्टी ४५ ची करण्याआधी आहार वाटपाकडे बघा, नाहीतर कागदावर ४५ आणि प्रत्यक्षात ५५ च राहील. चौथी तासिका रोज १० मिनिटं उशिरा सुरू झाली तर १८३ दिवसांत १,८३० मिनिटं, म्हणजे साडेतीस तास जातात. हजाराच्या वरची सगळी कमाई तिथेच संपते.

वेळ वाढण्यात जात नाही, रांगेत आणि ताट धुण्यात जातो. १५० च्या आसपास पट (विद्यार्थीसंख्या) असेल तर वाढण्याच्या दोन जागा करा. १ ली-२ रीच्या मुलांना १० मिनिटं आधी बसवा, ती त्यांच्या तासिकेतून न घेता त्यांची लहान सुट्टी पुढे सरकवून. ताट धुवायला एका नळाऐवजी तोट्या लावलेला आडवा पाइप हवा, हा खर्च शाळा अनुदानातून होऊ शकतो. आहार शिजून तयार असण्याची वेळ १२:५० अशी स्वयंपाकी-मदतनीस ताईंना लेखी द्या. चव घेण्याची नोंद, नमुना काढून ठेवणं हे सगळं मुलं बसायच्या आधी झालं पाहिजे.

दोनशिक्षकी
६ वी ते ८ वीत तासिका बदलताना जाणारा वेळ कोणी धरला नाही. एका वर्गातून निघून दुसऱ्या वर्गात जाऊन फळा पुसून सुरुवात करेपर्यंत ३ मिनिटं सहज जातात. दिवसाला असे ६ बदल धरले तर १८ मिनिटं, वर्षाला ३,२९४ मिनिटं, ५५ तासांच्या जवळ. हे कुठल्याही नोंदवहीत येत नाही, पण मुलाच्या वाट्यातून जातं.

उपाय म्हणजे जोडतासिका, एकाच विषयाच्या दोन तासिका सलग. आठवड्यात विज्ञानाची एक, गणिताची एक, भाषेची एक आणि कलेची एक जोडतासिका लावली की बदल कमी होतात, प्रयोगालाही सलग वेळ मिळतो. एकाच शिक्षकाचे दोन विषय त्याच वर्गाला लागोपाठ लावले तरी तोच फायदा.

वर्गशिक्षिका_तिसरी
१ ली-२ रीला चार वाजता सोडलं तर चालेल का? बऱ्याच ठिकाणी सोडतात.

मिनिटकाटा
चालतं की नाही हे तुमच्या दिवसांवर आहे. जुन्या ३५ मिनिटांच्या वेळापत्रकात चार वाजता सोडलं की शेवटचा तास जातो, रोजची २२० मिनिटं उरतात. २०० दिवसांत ७०८ तास होतात, २२० दिवसांतही ७७८ च. ८०० ची रेघ २३० दिवसांना ओलांडली जाते (१९१ × २२० + ३९ × १७५ = ४८,८४५ मिनिटं, ८१४ तास), तेही सुट्ट्या अगदी नियोजनाप्रमाणे झाल्या तर. मुलं दमतात हे खरं आहे, पण त्यावर उत्तर म्हणून शेवटच्या दोन तासिका गाणी, चित्र, खेळ, गोष्ट यांना द्या. शाळा लवकर सोडू नका.

५ वीबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. ५ वी हायस्कूलला जोडलेली असली तरी कायद्याने तिला ८००/२०० लागू, आणि ८ वी माध्यमिक शाळेत असली तरी १०००/२२०. इमारत कोणती यावर निकष ठरत नाही.

सकाळसत्र
उन्हाळ्यातली सकाळची शाळा धरल्याशिवाय हा हिशोब पूर्ण होत नाही. २०२५ च्या मार्चअखेरच्या परिपत्रकात प्राथमिक शाळांना ७:०० ते ११:१५ ही वेळ होती. २५५ मिनिटांतून परिपाठ आणि सुट्टी गेली की ३५ च्या ६ तासिका, म्हणजे २१०. रोज ९० मिनिटं कमी. एप्रिलमधले शनिवार सोडून २२ दिवस धरले तर १,९८० मिनिटं, बरोबर ३३ तास.

१०२२ तास ५५ मिनिटांतून ३३ वजा करा. ९८९ तास ५५ मिनिटं. पुन्हा हजाराच्या खाली.

उन्हात मुलांना दुपारी बसवणं चूकच आहे, त्या निर्णयाबद्दल तक्रार नाही. पण नियोजन जूनमध्ये करतानाच हे ३३ तास वजा धरा. २२० ऐवजी २३० दिवस धरले तर ८ पूर्ण दिवस आणि २ शनिवार वाढतात, २,७५० मिनिटं मिळतात आणि बेरीज १०३५ तास ४५ मिनिटांवर जाते. म्हणून केंद्रशाळा_पूर्व म्हणतात तो २३० चा आकडा संहितेपुरता नाही, तासांसाठीही तोच लागतो.

घाटमाथा
कोकण, कोल्हापूर, सातारा भागात पावसाच्या सुट्ट्या यात आणखी धरा. अतिवृष्टीचा इशारा आला की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, ती पाळायचीच. भरपाई करताना मात्र एक चूक सगळीकडे दिसते. एक बुडालेला दिवस ‘रोज १५ मिनिटं जादा, २० दिवस’ असा भरून काढतात. ३०० मिनिटं भरतात, मान्य. पण त्याने दिवस भरत नाही. तास भरले आणि दिवस २१९ झाले तर दुसरा निकष चुकला.

म्हणून आधी दिवसांची शिल्लक बघा. २२० च्या वर पुरेसे दिवस असतील तर जादा मिनिटांनी भागेल. नसतील तर ठरलेल्या सुट्टीतलाच दिवस कामाचा करावा लागेल. त्यासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आधी घ्या आणि त्या दिवशीचा आहार, विद्यार्थी हजेरी आणि शिक्षक हजेरी तिन्ही नोंदी जुळल्या पाहिजेत. आहाराची नोंद नाही आणि हजेरी आहे असा ‘कामाचा दिवस’ पहिल्याच तपासणीत प्रश्नात येतो.

दोनशिक्षकी
आता अवघड भाग. १ ली ते ४ थीला दोन शिक्षक. एकाला निवडणुकीचं प्रशिक्षण किंवा मतदार यादीचं काम लागलं की शाळा उघडी, दिवस भरला, तासही कागदावर भरले. प्रत्यक्षात चार वर्ग एका शिक्षकासमोर. हे कसं नोंदवायचं?

केंद्रशाळा_पूर्व
सर, दोन गोष्टी वेगळ्या करा.

पहिली, काम लावण्याचा अधिकार. कलम २७ मध्ये दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक स्वराज्य संस्था, विधिमंडळ, संसद यांच्या निवडणुका एवढेच अपवाद आहेत. मतदार यादी आणि निवडणूक कामाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या निकालात म्हटलं आहे की शिक्षकांना हे काम सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावं, अध्यापनाच्या दिवशी आणि वेळेत सहसा देऊ नये. आदेश आला की कोणत्या तारखांना किती वर्ग शिक्षकाविना राहतील हे लेखी कळवा. तोंडी विनंतीची कुठेच नोंद राहत नाही.

दुसरी, त्या दिवसाचं अध्यापन. बहुवर्ग अध्यापनाचं वेगळं वेळापत्रक शाळेत आधीच तयार हवं, ऐनवेळी ‘सगळे एकत्र बसा’ असं नको. १ ली-२ री एका खोलीत, ३ री-४ थी दुसरीत. ३५ मिनिटांतली १५ एका गटाला थेट शिकवायची, त्या वेळी दुसऱ्या गटाला ठरलेलं काम : वाचनपेटीतलं पुस्तक, गणिताची सरावपत्रिका, अंककार्डं. मग उलट. सरावपत्रिकांचे किमान १० दिवस पुरतील एवढे संच विषयवार तयार ठेवा. लॉगबुकात थेट अध्यापन आणि स्वयंअध्ययन असे दोन रकाने करा. पूर्ण तासिका ‘अध्यापन झाले’ लिहिणं म्हणजे मुलांचं नुकसान झाकणं होय.

शाव्यस_सदस्य
पालक म्हणून एक विचारतो. शिक्षकांना आठवड्याला ४५ तास काम असं अनुसूचीत आहे ना? मग तासांची अडचण का?

मिनिटकाटा
त्या ४५ तासांत पूर्वतयारीचा वेळ धरलेला आहे, तसं अनुसूचीतच लिहिलं आहे. सोम ते शुक्र साडेसहा तास आणि शनिवारी चार, म्हणजे शाळेत साडेछत्तीस तास. उरलेले साडेआठ तास टाचण, वह्या तपासणं, साहित्य करणं यासाठी. मुलांच्या १००० तासांचा आणि शिक्षकाच्या ४५ तासांचा हिशोब वेगवेगळा आहे.

व्यवस्थापन समिती सदस्य म्हणून तुम्ही खरंच उपयोगी पडू शकता. मासिक सभेत इतकंच विचारा : या महिन्यात कोणत्या वर्गाची किती मिनिटं बुडाली आणि किती भरून निघाली. उत्तर वहीत बघून देता आलं पाहिजे.

खडूफळा
त्या वहीचे रकाने कोणी सांगेल का?

घाटमाथा
सात रकाने पुरतात : तारीख, इयत्ता, कारण, बुडालेली मिनिटं, भरपाईची तारीख, भरपाईची मिनिटं, सही. इयत्तेचा रकाना सोडू नका. क्रीडास्पर्धेला ७ वी-८ वी गेली तर ६ वीचं काही बुडालेलं नसतं. नोंद त्याच दिवशी शाळा सुटण्याआधी करायची, महिनाअखेरीस आठवून नाही.

केंद्रशाळा_पूर्व
यू-डायस प्लसमध्ये (शाळांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल) मागच्या वर्षीचे अध्यापनाचे दिवस आणि मुलं व शिक्षक रोज सरासरी किती तास शाळेत असतात हे भरावं लागतं. तिथे सवयीने २२० टाकलं जातं. वरच्या वहीतून आलेला खरा आकडा टाका, आणि तो हजेरीपटाच्या दिवसांशी जुळतो का ते पाहून मगच अंतिम करा.

मिनिटकाटा
शेवटचं, दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात करायचं गणित. ६ वी ते ८ वीच्या प्रत्येक वर्गासाठी : (६०,००० वजा झालेली मिनिटं) भागिले उरलेले दिवस.

उदाहरणार्थ पहिल्या सत्रात १०४ दिवस, २७,८०० मिनिटं झाली. २३० च्या नियोजनात १२६ दिवस उरले. ३२,२०० ÷ १२६ म्हणजे रोज २५६ लागतात. ३०० मिनिटांच्या वेळापत्रकात शनिवार धरून दिवसाची सरासरी २७९ पडते. १२६ × २७९ = ३५,१५४, त्यातून सकाळच्या शाळेचे १,९८० गेले, उरले ३३,१७४. हाती ९७४ मिनिटं, जेमतेम तीन पूर्ण दिवस. स्नेहसंमेलन, त्याचा सराव, सहल, बोर्डाचं परीक्षा केंद्र असेल तर खोल्या जाणं, हे सगळं या तीन दिवसांत बसतं का ते नोव्हेंबरमध्येच ठरवा. बसत नसेल तर संमेलनाचा सराव तासिकांबाहेर काढा आणि जादा १५ मिनिटं डिसेंबरपासून सुरू करा. एप्रिलमध्ये ११:१५ ला शाळा सुटायला लागल्यावर तूट भरायला जागा राहत नाही.